राजाबाई मनोऱ्याखाली

जालन्याच्या नव्या मोंढ्यात तीन पिढ्यांपासून कापसाची आडत करणारे एक कुटुंब २०२३ च्या डिसेंबरात मुंबईला गेले, ते खरेदीसाठी नव्हे की लग्नकार्यासाठीही नव्हे. घरातील शहात्तर वर्षांच्या बाईंना काचबिंदू झाला होता. उजव्या डोळ्याचा उजेड पूर्वीच गेला होता आणि डाव्याचाही हळूहळू आटत चालला होता. “मुंबई एकदा पायी पाहायची आहे,” असे त्यांनी दिवाळीनंतर सहज म्हटले. लग्नानंतरच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या मुंबईस दहा-बारा वेळा जाऊन आल्या असतील. पण प्रत्येक वेळी स्टेशन, टॅक्सी, नातेवाइकांचे घर किंवा दवाखाना आणि पुन्हा स्टेशन. मुंबई त्यांनी टॅक्सीच्या काचेतूनच काय ती पाहिली होती.

मुंबईत सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या नातीने हे मनावर घेतले. फोर्ट भागातील जुन्या वास्तू पायी हिंडून दाखविणारे मार्गदर्शक असतात. वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यात गेल्यास स्वस्त पडते. परंतु घोळका कोणासाठी थांबत नाही. म्हणून तिने केवळ आपल्या घरापुरती एक मार्गदर्शक ठरविली. आकडा ऐकून तिचे वडील चकित झाले. “रस्त्यावरच्या इमारती पाहायला पैसे?” क्विंटलमागे दहा-वीस रुपयांची घासाघीस करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याचा हा प्रश्न अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही.

देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी उतरून, धर्मशाळेत विश्रांती घेऊन तिघे दुपारी तीनला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहिले. मार्गदर्शक इतिहासाची पदवीधर तरुणी होती. बाईंची नजर तिच्या चटकन ध्यानात आली आणि तिने आपली रीतच बदलली. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुकाराने आखलेले हे स्थानक १८७८ मध्ये सुरू होऊन पुरे व्हायला दहा वर्षे लागली, हे तिने सांगितले खरे. पण घुमटाकडे बोट दाखवीत बसण्याऐवजी तिने बाईंचा हात धरून तो दगडावर ठेवला. कोरीव पाने, घडविलेल्या कडा बाईंनी बोटांनी चाचपल्या. “आपल्या चौकटीवरच्या वेलीपेक्षा हात खोल जातो,” त्या म्हणाल्या. घोळक्याबरोबर गेले असते तर हे घडले नसते. आणि चिरंजीवांनी मनातल्या मनात तो आकडा थोडाफार वसूल झाल्याची नोंद केली असावी.

फ्लोरा फाउंटन येथे ती एवढेच म्हणाली, की हे कारंजे १८६४ चे, आणि १८६४ हे साल पुढे पुन्हा येणार आहे. शेजारच्या हुतात्मा स्मारकाला नमस्कार करून मंडळी हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर टेकली.

येथे मात्र चिरंजीव प्रथमच कान देऊन ऐकू लागले, कारण गोष्ट कापसाची निघाली. याच परिसरात एकेकाळी कापसाच्या गाठी रचल्या जात. समोरच्या टाऊन हॉलपाशी वडाच्या झाडाखाली शेअर दलाल जमत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा सारी मागणी मुंबईवर आली आणि भाव कितीतरी पटींनी चढला. आलेल्या पैशाला जागा पुरेना, म्हणून समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. या साऱ्या उलाढालीच्या मध्यभागी सुरतेचे एक जैन गृहस्थ होते, प्रेमचंद रायचंद. १८३१ चा जन्म, म्हणजे तेजीच्या वेळी वय तिशीचे. १८६५ च्या वसंतात युद्ध थांबले, भाव कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस आला तेव्हा देणे चुकविण्यास कोणाजवळ काही उरले नव्हते. बँका बुडाल्या. प्रेमचंदांचाही डोलारा कोसळला.

“माल धरून ठेवला असेल,” चिरंजीव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

ते तसे का म्हणाले, हे त्यांच्याखेरीज तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाची खंडी लाखावर गेली होती. त्या वर्षीच्या पर्युषणात, संवत्सरीच्या दिवशी, त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ पाठशाळेच्या खोलीसाठी अकरा लाखांचा आकडा भर सभेत बोलला होता. पुढच्या हंगामात नऊ हजार क्विंटलने घेतलेला कापूस त्यांनी भाव वाढेल म्हणून धरून ठेवला आणि उन्हाळ्यात सात हजारांना विकला. त्यानंतरचे पर्युषणही उलटून गेले. बाई अधूनमधून विचारीत, “यांच्या नावाची पाटी लागली का रे?” आणि ते सांगत, बांधकाम अडले आहे. बांधकाम अडले नव्हते.

ओव्हल मैदानाच्या कडेला पोहोचेतो सव्वापाच झाले. मैदानात आत जाऊ या, असे मार्गदर्शक म्हणाली, तेव्हा नातीने तिला थांबविले. दादी हिरवळीवर पाय ठेवीत नाहीत. कडेच्या फरसबंद जागेवर बैठक जमली. समोर राजाबाई मनोरा उभा होता, २८० फूट उंच. बाईंच्या डाव्या डोळ्याला आभाळावर एक उभी सावली दिसत होती. तेवढे पुरे, असे त्या म्हणाल्या. नातीने डबा उघडला. खाखरा, पुऱ्या, उकळून गार केलेले पाणी. मुंबईचा सूर्यास्त जालन्यापेक्षा बारा-तेरा मिनिटे उशिरा होतो, हे बाईंना पंचांगावरून पाठ होते. आज सहापर्यंत सवड होती.

मनोऱ्याची कथा मार्गदर्शकाने तेव्हा सांगितली. राजाबाई या प्रेमचंदांच्या मातोश्री. त्यांना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम तर मोडायचा नाही. टोले ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने हे घड्याळ उभारले, असे सांगितले जाते. सर गिल्बर्ट स्कॉट यांचा आराखडा. पायाभरणी १८६९ ची, काम पुरे झाले १८७८ मध्ये.

“त्यांचं घर इथे जवळ होतं का?” बाईंनी विचारले.

“भायखळ्याला.”

“मग टोले ऐकू यायचे नाहीत. आणि सूर्यास्त काय रोज एकाच वेळी होतो? घड्याळाला तो कुठला कळायला!”

मार्गदर्शक हसली, ही शंका आजवर कोणी काढली नव्हती. मग बाई जरा वेळाने म्हणाल्या, “पण पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही, तेव्हा घड्याळ लागतंच. आणि दिसत नसलं की, मुली, घरच्यांना सारखं ‘वाजले किती, वाजले किती’ विचारायची लाज वाटते. त्या मुलाला आईची ती लाज कळली असेल. गोष्टीत तेवढं खरं असेल.”

नातीचा हात खाखऱ्यावर थबकला. घरी दादीच्या या प्रश्नाला ती स्वतः कितीदा मोबाइलवरून मान वर न करता उत्तर देत असे.

चिरंजीवांचे लक्ष वेगळीकडे होते. “पण पासष्टला तर ते बुडाले. एकोणसत्तरला पाया घातला, तेव्हा पैसे कुठून आणले?”

“पैसे त्यांनी १८६४ मध्येच विद्यापीठाला दिले होते. आधी ग्रंथालयासाठी दोन लाख, मग त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख.”

“दिले, का नुसते बोलले?”

“दिले.”

यावर कोणी काही बोलले नाही. साडेपाचचे टोले पडले. बाईंनी डबा बाजूला सारला आणि मुलाकडे तोंड करून, मार्गदर्शकाला कळू नये म्हणून मारवाडीत विचारले, “पाटी का लागली नाही?”

त्यांनी सगळे सांगितले. आकडे सांगताना आवाज नेहमीसारखाच होता. व्यापाऱ्याला आकडे सांगायची सवय असते. बाईंनी मध्येच अडवले नाही. झाल्यावर विचारले, “शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या झाल्या?”

“झाल्या. एकाचाही रुपया राहिला नाही.”

“हमाल, मापाडी?”

“त्यांचेही दिले.”

“मग संघाचंच राहिलं.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “आकडा कमी करायचा नाही. एकदम नाही जमणार, तर तसं त्यांना तोंडाने सांग. वर्ष-दोन वर्षं मागून घे. लपून राहू नकोस. संघासमोर बोललास, संघासमोरच सांग.”

“लोक काय म्हणतील, बाई?”

“म्हणू देत. प्रेमचंदांनाही म्हणाले असतील. आणि दहा वर्षांनी तेच लोक पुन्हा त्यांच्याजवळ गेले असतील.”

हा केवळ बाईंचा तर्क होता. परंतु मार्गदर्शकाने, मागचे काही न कळताही, नेमके तेव्हाच सांगितले, की १८७५ मध्ये दलालांची जी संघटना उभी राहिली, ज्यातून पुढे मुंबईचा शेअर बाजार झाला, तिच्या स्थापनेत प्रेमचंद अग्रभागी होते.

मावळतीचा उजेड मनोऱ्याच्या दगडावर पिवळा झाला. सहाला दहा मिनिटे असताना बाईंनी शेवटचे पाणी घेतले, तोंड पुसले आणि हात जोडून चौविहाराचे पच्चक्खाण केले. जालन्यात आता सूर्य मावळला असेल, असे त्या म्हणाल्या. मार्गदर्शकाचा हिशेब नातीने चुकता केला. ठरल्यापेक्षा अर्धा तास अधिक झाला होता, त्याचे वेगळे पैसे तिने घेतले नाहीत.

चिरंजीव थोडे दूर जाऊन कठड्यापाशी उभे होते. संघाच्या मंत्र्यांचा नंबर त्यांनी लावला होता. पलीकडून ‘जय जिनेंद्र’ ऐकू आले तेव्हा मनोऱ्यावर सहाचे टोले पडू लागले, आणि ते थांबेपर्यंत त्यांना बोलण्यासाठी थांबावे लागले.