भरलेली घागर

गॅदरिंगच्या नाटकात पाणवठ्याचा प्रसंग आला की मुली घागर घेऊन ऐटीत येतात आणि समोर सतरंजीवर बसलेल्या म्हातारीलासुद्धा कळतं, घागर रिकामी आहे. भरल्या घागरीने बाई एका अंगाला कलते. मोकळा हात तोल सांभाळायला आपोआप बाहेर येतो, पाऊल आखूड पडतं, मान तेवढी ताठ राहते. बोलणंही तुटक होतं, कारण पूर्ण श्वास घ्यायला पोट मोकळं नसतं. हे सगळं ‘करून दाखवायला’ गेलं की सोंग वाटतं. म्हणून लातूरजवळच्या मुरुडला आमच्या तालमीत मी घागरी खऱ्या पाण्याने भरायला लावते. “मॅडम, रिकामीच ऱ्हाऊ द्या की, कोण बघायलंय?” असं म्हणणारी एखादी दर वर्षी निघतेच. बघतात बाई, आपल्याकडे तर जरा जास्तच बघतात. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली रेल्वे ज्या गावांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांना घागरीतलं पाणी खोटं दाखवून चालत नाही.

राजश्री देशपांडे या अभिनेत्रीचं काम मी याच नजरेने बघत आले. त्या मूळच्या आमच्या मराठवाड्याच्या, छत्रपती संभाजीनगरच्या. कायद्याचं शिक्षण, मग पुण्यात जाहिरातीचा व्यवसाय, आणि तो सोडून मुंबई. उमेदवारीच्या काळात ‘कुछ तो लोग कहेंगे’सारखी मालिका आणि ‘तलाश’मधलं किरकोळ काम. २०१५मध्ये पॅन नलिन यांच्या ‘अँग्री इंडियन गॉडेसेस’मध्ये त्यांनी मोलकरीण लक्ष्मी केली, तिथे नाव लक्षात राहिलं. एवढ्या मैत्रिणींच्या गलक्यात ही बाई घरभर वावरते आणि तिच्या पोटातली आग कुणाला दिसत नाही. नोकराचं पात्र म्हटलं की आमच्याकडे खांद्यावर फडकं टाकायचं आणि वाकून चालायचं, एवढीच तयारी. लक्ष्मी कुठेही वाकत नाही.

पण मला थांबवून ठेवलं ते ‘एस दुर्गा’ने. सनलकुमार शशिधरन यांचा हा मल्याळम चित्रपट लिहिलेल्या संहितेशिवाय उभा राहिला. रात्रीची वेळ, घर सोडून निघालेलं जोडपं, स्टेशनला सोडतो म्हणणारे गाडीतले दोन अनोळखी पुरुष. जोडपं उतरतं, रस्त्यावर दुसरं काहीतरी भेटतं, आणि पुन्हा त्याच गाडीत बसावं लागतं. दुर्गाला संवाद जवळजवळ नाहीतच. राज्य नाट्य स्पर्धेच्या मांडवाखालून गेलेल्या माझ्यासारखीला हे बघणं जड जातं. आमचं सगळं शिक्षण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याचं. ज्याला वाक्य नाही त्याला काम नाही, असा सरळ हिशेब. अशा नटाला आम्ही ‘गर्दी’त टाकतो. इथे मात्र मागच्या सीटवर बसलेली बाई नुसती ऐकते आणि आपण तिच्या कानाने पुढच्या सीटवरची बडबड ऐकू लागतो. पुढे कोण हसलं, गाडी का हळू झाली, तो ‘चेची’, म्हणजे ताई, कुठल्या सुरात म्हणाला, सगळं तिच्या अंग चोरण्यात उमटतं. आपल्यातली कुठलीही बाई रात्रीच्या जीपमध्ये, दहा जणांच्या जागेत सोळा जण कोंबलेले असताना, अशीच बसलेली असते.

या चित्रपटाला २०१७मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात टायगर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी महोत्सवातून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो वगळला, सोबत रवी जाधवांचा ‘न्यूड’ही. दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी बाई, आणि भांडण नावावरून पेटलेलं (‘एस दुर्गा’चं मूळ नाव ‘सेक्सी दुर्गा’). चित्रपट न पाहताच मत बनवायची आपली सवय जुनी आहे.

‘सेक्रेड गेम्स’ मालिकेतली सुभद्रा २०१८ची. गुंड गायतोंडेची बायको म्हणून पडद्यावर वेळ थोडा, पण त्या माणसाला बसवून ऐकायला लावणारी तीच एक. त्यातल्या एका प्रसंगाची क्लिप तोडून मोबाइलवर फिरवली गेली आणि शिव्या राजश्री यांच्या नावाने पडल्या. प्रसंग लिहिणारे, दिग्दर्शित करणारे, समोर काम करणारे पुरुष, यांना कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे पोरीला नाटकात पाठवायचं म्हटलं की आयांचा पहिला प्रश्न याच भीतीचा असतो. मी त्यांना ‘असं काही होत नाही’ म्हणून सांगत नाही. होतं. पण लाज ज्याने क्लिप तोडली त्याची, हे पोरीच्या बापाला समजावणं मला आवाजाच्या व्यायामापेक्षा जास्त वेळ खातं.

आपल्या भागाचं पडद्यावर काय होतं, हाही एक सल आहे. मकरंद अनासपुरेंनी मराठवाड्याची बोली मोठ्या पडद्यावर नेली, त्यांचे उपकारच. पण पुढे तिला फक्त हसवण्याच्या कामाला जुंपलं गेलं. ‘काय करायलास’ म्हटलं की प्रेक्षक दात काढायला तयार. या बोलीत बाई कोर्टात उभी राहू शकते, मेलेल्या लेकराबद्दल बोलू शकते, हे कुणी दाखवायला धजत नाही. राजश्री यांनीही ते केलेलं नाही, त्यांची कामं बहुतेक हिंदी-इंग्रजीत. तरी त्यांच्या कामातला कोरडेपणा मला आमच्या बायकांचा वाटतो.

‘ट्रायल बाय फायर’ बघताना हे फार जाणवलं. १३ जून १९९७ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ चालू असताना आग लागली, ५९ माणसं गेली. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची मुलं, सतरा वर्षांची उन्नती आणि तेरा वर्षांचा उज्ज्वल, त्यात होती. २०२३च्या मालिकेत राजश्री नीलम झाल्या. अशी भूमिका मिळाली की नटी हंबरडा फोडायची संधी शोधते, आणि रोजच्या मालिकांची तर तीच शिस्त आहे. तिथे ग्लिसरीन, तीन वेळा झूम, आणि मग घरातल्या सगळ्यांचे रिअॅक्शन शॉट. ते लोक वाईट नट नसतात. रोजचा भाग रोज भरून द्यायचा असतो, घागर भरायला वेळ कुठला! या मालिकेत मात्र राजश्री शोकाला कामाला लावतात. ओळख ना पाळख अशा पालकांना फोन, फायली, तारखा, पुन्हा तारखा. वर्षं सरतात तशी मेकअपपेक्षा त्यांची बसण्याची पद्धत म्हातारी होते. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडपुढे उभ्या असलेल्या बायका मला आठवल्या. घरातली चार माणसं गाडली गेलेली बाई ‘यादीत नाव चढलं का’ एवढंच विचारत होती. कुणीतरी तिला पाणी दिलं, तर तिने ते शेजारच्या पोराला पाजलं आणि पुन्हा यादीकडे बघत उभी राहिली. या भूमिकेसाठी २०२३च्या फिल्मफेअर ओटीटी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान राजश्री यांना मिळाला, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले, जणू त्या मुरुडच्याच!

याच बाई मराठवाड्यातल्या पांढरी गावात पाण्याच्या आणि शाळेच्या कामात उतरल्या, हे वाचून कुणी लगेच समाजसेवेचा हार आणेल. मला त्यात नटीचं काम दिसतं. दुष्काळी गावात महिनोन्महिने माणसांसोबत बसलं की उभं राहणं बदलतं, ऐकणं बदलतं. नंदिता दास यांच्या ‘मंटो’तली इस्मत चुगताई आणि ‘सत्यशोधक’मधली सावित्रीबाई या दोन शिकलेल्या, निडर बायका एकाच नटीने केल्या, तरी, या शाळेच्या कामामुळे असेल, मला सावित्रीबाई जास्त भावल्या, हा माझा पक्षपात.

आता लातूर-मुरुडच्या पोरी घरबसल्या मोबाइलवर ऑडिशन पाठवतात. ओट्याशी उभं राहून, आईच्या साडीचा पडदा मागे लावून. पहिल्या व्हिडिओत सगळ्या रडतात. मी म्हणते, आधी कुणाचंतरी ऐकताना स्वतःला शूट कर. मैत्रिणीला कॅमेऱ्यामागे बसवून खरी भानगड सांगायला लाव, ऐकीव नको. आणि ‘मालिकेत घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा’ म्हणणारा मुंबईचा फोन आला की कट करायचा. हे मी पहिल्याच तासाला सांगते, श्वास-बिस नंतर.