शेड्यूल उघडं, हिशेबही उघडा

द्राक्षबागेचा सल्लागार म्हणून मला एक प्रश्न कायम विचारला जातो: "सर, सगळं शेड्यूल ग्रुपवर टाकता, मग तुम्हाला फी कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत कोणत्या दिवशी कोणती फवारणी आणि कोणतं खत, याचा तो तक्ता आमच्या व्यवसायाचं भांडवल समजला जातो. मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर खुला ठेवतो, खर्चाच्या आकड्यांसकट. माझं काम त्यामुळेच वाढलं. तक्ता सगळ्यांना सारखा मिळाला तरी माती, पाणी आणि वेलीचं वय प्रत्येकाचं वेगळं असतं. लोक फी देतात ती बागेत येऊन काडी तपासण्याची, घड मोजण्याची आणि 'ही फवारणी आज नको' असं जबाबदारीने सांगण्याची.

ही रीत माझ्या आधीपासूनची आहे. राज्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा संघ १९६० सालचा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली आलं. त्याआधीच थॉमसन सीडलेस या वाणातून निवडलेली तास-ए-गणेश तासगाव भागातून आणि सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजमधून पुढे आली होती, तीही बागायतदारांच्याच नजरेतून. कुणाला तरी वेगळा घड दिसला, त्याने ती काडी जपली आणि पुढे ती जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. काडी दिली म्हणून देणाऱ्याची बाग लहान झाली नाही.

आज ती देवाणघेवाण मोबाइलवर होते. आमच्या ग्रुपवर प्रश्नाआधी छाटणीची तारीख, वाण, खुंट आणि जमीन लिहावी लागते. मागे निफाडकडच्या एका भाऊंनी पानाचा फोटो टाकला: छाटणीनंतरचा तिसावा दिवस, थॉमसन, डॉगरिजचा खुंट, काळी जमीन, रात्री पाऊस. पानावर पिवळसर तेलकट डाग. सांगलीकडच्या एका ताईंनी लगेच लिहिलं, "दादा, पान उलटं करून दाखवा." दुसऱ्या फोटोत पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली. डाऊनी रोगच होता. तेवढ्याच दिवसांच्या बागा असलेले बाकीचेही उठून आपापली पानं उलटून पाहू लागले. कोणतं औषध चाललं हे त्यानंतर ग्रुपवर आलं, आणि कोणतं चाललं नाही हेही आलं, बिलासकट.

हा मोकळेपणा आपल्याला परवडतो का, असं विचारणाऱ्यांना मी २०१० साल आठवायला सांगतो. वेलीची शाकीय वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे आपल्या 'सीसीसी'चे, अंश युरोपात गेलेल्या द्राक्षांत सापडले. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले आणि झळ सगळ्याच निर्यातदार बागायतदारांना बसली. परदेशी ग्राहक आपल्या मालाकडे भारतीय द्राक्ष म्हणूनच पाहतो. तिथे आपली स्पर्धा चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या मालाशी आहे. म्हणून शेजाऱ्याच्या फवारणीची वही माझ्याही धंद्याचा भाग ठरते.

दराचंही तसंच. व्यापारी बागेत येऊन एकेकट्याशी सौदा करतो आणि पलीकडच्या गावात याहून कमी दराने माल मिळाल्याचं सांगतो. ग्रुपवर मण्याचा आकार, साखर, किलोचा दर आणि पैसे रोख की उधार, एवढं रोज येऊ लागलं की सौद्याला बसणारा एकटा राहत नाही.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात काही बागायतदार पावसाळ्यातच छाटणी करतात. पावसाची जोखीम घेऊन माल लवकर आणतात आणि चढा दर मिळवतात. हेच गणित सगळ्यांनी उचललं तर दर टिकणार नाही. युक्ती खुली केली की ती बोथट होते, हे मी नाकारत नाही. पण नुकसान जास्त होतं ते अर्धवट सांगितल्यामुळे. लाखाच्या विक्रीपट्टीचा फोटो फिरतो. पावसात गेलेल्या फुलोऱ्याचा आणि वाया गेलेल्या औषधांचा आकडा कुणी सांगत नाही. दोन्ही आकडे समोर असले तर बरेच जण आपल्या कुवतीप्रमाणे थांबतात. छाटणीच्या तारखा एकत्र मांडल्या तर कोणत्या आठवड्यात माल एकदम येणार हेही आधी कळतं आणि एखादा प्लॉट मागेपुढे करता येतो.

म्हणून बागायतदार मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे. यंदाचा हिशेब काढणी संपली की हातात येईल. नफा झालेला असो वा बाग गेलेली असो, एकरी खर्च, निघालेला माल आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम ग्रुपवर लिहा. एप्रिल छाटणीआधी एखादा नवा बागायतदार ते आकडे वाचून कर्ज किती काढायचं ते ठरवेल.