तहान लागल्यावर विहीर

आमच्या वसतिगृहात शनिवारी रात्रीच्या भोजनानंतर मुलांना तासभर दूरचित्रवाणी पाहण्याची मुभा असते. काय पाहावे याविषयी पुष्कळ वादविवाद होऊन बहुधा क्रिकेटचाच जय होतो. परंतु गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी सामना नव्हता, म्हणून मुलांनी ‘होमस्टेड रेस्क्यू’ नावाचा अमेरिकन कार्यक्रम लावला. शहरातील घरदार सोडून रानात किंवा माळावर स्वतःच्या हातांनी संसार उभारावयास गेलेली, आणि तेथे पुरती अडचणीत सापडलेली कुटुंबे त्यात दाखवतात. कोणाच्या घराखालची जमीन खचत असते, कोणाच्या शेळ्या-कोंबड्या वन्य पशू नेत असतात, तर कोणाच्या घरी प्यावयास पाणीच नसते. मुले पोट धरून हसत होती. मीही हसत होतो. मागच्या रांगेतील एक लहानसा मुलगा मात्र हसला नाही. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, ह्यांना शेजारी नव्हते का हो?”

प्रश्न साधा होता. पण त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण पुढे सांगेन. प्रथम ह्या कुटुंबांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण ज्याला आपण मोठ्याने हसतो ते आपल्याला बहुधा नीट समजलेले नसते, असा माझा अनुभव आहे.

‘होमस्टेड’ हा शब्द अमेरिकन मनात फार खोल रुजलेला आहे. अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यान्वये एकवीस वर्षांवरील व्यक्तीस अथवा कुटुंबप्रमुखास अल्पशा शुल्कात १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येई. अट अशी की, त्याने तेथे घर बांधावे, पाच वर्षे राहावे आणि जमीन कसावी. अर्थात जिला सरकारी जमीन म्हटले ती तेथील मूळ रहिवाशांकडून गेलेली होती, हे विसरून चालणार नाही. ह्या कायद्याने सुमारे सोळा लक्ष लोकांना सत्तावीस कोटी एकर जमीन मिळाली. परंतु ज्यांनी अर्ज केला त्या सर्वांना ती टिकवता आली नाही. कित्येकांनी पाच वर्षे पुरी होण्यापूर्वीच गाशा गुंडाळला. मोंटाना प्रांतात तर १९१७ पासून अवर्षणाची अशी मालिका सुरू झाली की, हजारो कुटुंबे आपली घरे उघडी टाकून चालती झाली. म्हणजे, मित्रहो, फसलेला संसार ही काही दूरचित्रवाणीने लावलेला शोध नव्हे.

त्या जुन्या जीवनाची कसोटी पाहण्याचा एक प्रयोग २००१ साली ह्याच मोंटानात झाला, आणि तो ‘फ्रंटियर हाउस’ ह्या नावाने २००२ साली तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला. मला तो पुढे संगणकावर पाहावयास मिळाला. आधुनिक काळातील तीन घराण्यांनी १८८३ सालच्या वसाहतकारांप्रमाणे सुमारे पाच महिने राहावयाचे, त्याच काळचे कपडे, हत्यारे आणि शिधा वापरावयाचा, आणि अखेरीस जाणत्या परीक्षकांनी येऊन पाहावयाचे की, खरोखरीचा हिवाळा आला असता तर ही मंडळी जगली असती काय. गंमत अशी की, परीक्षकांनी कोणाचे धैर्य मोजले नाही. त्यांनी सरपण, गवत आणि साठवलेले अन्न मोजले. आणि सरपण कमी पडणे हा त्यांच्या दृष्टीने मोठा दोष ठरला. लाकूडफाट्याची रास म्हणजेच तेथील उत्तरपत्रिका!

हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण हिशेब करून पाहा. त्या देशात सरपण ‘कॉर्ड’ ह्या मापाने मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट, हा एक कॉर्ड. फटी असलेल्या लाकडी झोपडीत दीर्घ हिवाळा काढावयाचा तर असे अनेक कॉर्ड लागतात. शिवाय ओले लाकूड जळत नाही, ते नुसते धुमसते. ते तोडून, फोडून, रचून कित्येक महिने वाळवावे लागते. सारांश, पौषातील शेकोटीची तयारी चैत्रात करावी लागते. थंडी वाजू लागल्यावर जो कुऱ्हाड हाती घेतो, त्याला उशीर झालेला असतो.

जी गोष्ट लाकडाची तीच पाण्याची. बर्फाच्या मुलखात पाण्याची काय वाण, असे आपल्याला वाटते. परंतु ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या वितळवल्या तर पाणी जेमतेम एक बादली मिळते. आणि वितळवावयास पुन्हा सरपण हवेच! छपरावरचे पाणी साठवावे म्हटले, तर शंभर चौरस मीटर छपरावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला असता फार तर अडीच हजार लिटर पाणी मिळते. चार माणसांनी दर माणशी पन्नास लिटर वापरले तर ते बारा-तेरा दिवसांत संपते. शेळी आणली म्हणजे दूध आले असेही नाही. ती व्यालेली असावी लागते, आणि गाभण शेळीस व्यावयास पाच महिने लागतात. दिवस लहान झाले की कोंबड्या अंडी कमी देतात, आणि त्याच दिवसांत सूर्यावर चालणारी विजेची तावदानेही मंदावतात. निसर्ग जे देतो ते बहुधा उन्हाळ्यात देतो आणि त्याची गरज लागते हिवाळ्यात. ह्या दोहोंमधील दरी जो आधी भरून काढतो, तोच स्वावलंबी होतो.

‘होमस्टेड रेस्क्यू’मधील कुटुंबे नेमकी ह्या दरीत पडलेली असतात. २०१६ साली सुरू झालेल्या ह्या कार्यक्रमात अलास्कात दीर्घकाळ राहिलेले मार्टी रेनी, त्यांची कन्या मिस्टी आणि पुत्र मॅट हे अशा लोकांच्या मदतीस जातात. बाप बांधकाम पाहतो, कन्या बाग आणि सुतारकाम, पुत्र शिकार आणि हिंस्र पशूंपासून रक्षण. पण मला त्यांच्या कौशल्याहून त्यांची रीत अधिक बोधप्रद वाटली. आल्याबरोबर ते हातोडा उचलत नाहीत. आधी भोवताली फिरतात. पाणी कोठून येईल, ऊन कोठे पडते, उतार कोणीकडे आहे, जनावरांची वाट कोठली, हे पाहतात. ह्याच गोष्टी त्या कुटुंबाने जमीन घेण्यापूर्वी पाहिल्या असत्या तर निम्मे संकट टळते. परंतु त्यांनी जमीन घेतली ती बहुधा स्वप्न पाहून, जमीन पाहून नव्हे.

आता मला झोप का आली नाही ते सांगतो. ही हकीकत मी शाळेत आजवर कोणास सांगितलेली नाही.

पारनेर तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. वडील वारल्यावर ती माझे चुलते कसत असत. मी पदवीधर शिक्षक; शेतीवरची पुस्तके वाचलेली, फळ्यावर जलचक्राची सुबक आकृती काढणारा. शहराच्या धकाधकीस कंटाळून, २०१२ सालच्या जून महिन्यात एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी यांसह मी त्या शेतावर राहावयास गेलो. चुलत्यांनी म्हटले होते, “यंदा लक्षण ठीक नाही. एक वर्ष नुसता येऊन जाऊन पाहा.” मला तो अडाणी माणसाचा भित्रेपणा वाटला. पत्र्याची खोली उभारली, पत्नीच्या पाटल्या विकून विहिरीवर नवा पंप बसवला, आणि मेथी-टोमॅटोचे वाफे आखले.

त्या वर्षीचा दुष्काळ पालकवर्गापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. पाऊस आला तो तोंड दाखवून गेला. श्रावण संपतो न संपतो तोच विहिरीचा तळ दिसू लागला, आणि तो नवा कोरा पंप कोरड्या विहिरीवर बसून राहिला. चुलत्यांचे घर हाकेच्या अंतरावर होते; पण त्यांच्याकडे पाणी मागावयास जाणे मला कमीपणाचे वाटे. विहिरीतील उरलेसुरले गढूळ पाणी आम्ही गाळून पीत असू. ‘उकळून घेऊ या,’ असे पत्नी म्हणे. पण सरपणही मी साठवले नव्हते. एके रात्री मुलीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन तासांत तिचे डोळे खोल गेले आणि ती हाक मारली तरी ओ देईना. तेव्हा कोठे माझा अभिमान गळाला, आणि मी अंधारात धावत जाऊन चुलत्यांचे दार ठोठावले. त्यांनी एक शब्दही विचारला नाही. त्यांच्या मुलाने मोटारसायकल काढली; मी मुलीला उराशी धरून मागे बसलो. तालुक्याच्या गावी रुग्णालयात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पहाटेपर्यंत थांबला असतात तर कठीण होते.”

मुलगी वाचली. दिवाळीपूर्वी आम्ही शहरात परत आलो. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असे मी सर्वांना सांगितले, आणि ते खोटे नव्हते. फक्त ते अर्धेच होते.

निघताना चुलते म्हणाले ते वाक्य मी आजतागायत विसरलो नाही. “अरे, तू मास्तर ना? पोरांना आधी शिकवतोस, मग परीक्षेला बसवतोस. स्वतः मात्र आधी परीक्षेलाच बसलास!”

पुढे प्रत्येक सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊ लागलो, तो विद्यार्थी म्हणून. त्यांनी पहिल्या वर्षी माझ्या हाती कुदळ दिलीच नाही. पहिल्या पावसात मला बांधावर उभे केले आणि पाणी कोठून धावते, कोठे थबकते, माती कोठे वाहून जाते, ते पाहावयास लावले. त्या वर्षी मी जे पाहिले, ते माझ्या फळ्यावरच्या आकृतीत नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्ही उताराला आडवे बांध घातले. भाजीचे वाफे गेले. बाजरी, मटकी, हुलगा आले. श्रीमंती आली नाही. पण विहिरीत आता पूर्वीपेक्षा अधिक दिवस पाणी टिकते.

म्हणून, विद्यार्थीमित्रहो, पडद्यावरच्या त्या कुटुंबांस हसताना मी स्वतःलाच हसत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. त्या लोकांचे धाडस हास्यास्पद नाही. आपले अन्न आपण पिकवावे, मुलांना खुल्या आकाशाखाली वाढवावे, ही इच्छा चांगलीच आहे. ‘फ्रंटियर हाउस’मधील काही मुलांना त्यांच्या प्रशस्त घरी परतल्यावर करमेनासे झाले; कारण रानात सकाळी गाय पिळण्यावाचून घराचे अडत होते, आणि येथे त्यांच्यावाचून कोणाचेच काही अडत नव्हते. पालकांनी ह्या गोष्टीचा अवश्य विचार करावा. आपल्या घरी मुलावाचून अडेल असे एक तरी काम आहे काय?

त्या लोकांची चूक धाडसात नव्हती, क्रमात होती. आधी शिकावे आणि मग उडी घ्यावी, तेथे त्यांनी आधी उडी घेतली. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे सांगतात. मी तर विहीर असून तिचा तळ पाहिला नव्हता! आणि दुसरी चूक, जी मला अधिक मोठी वाटते, ती अशी की, स्वावलंबन म्हणजे कोणाचे दार न ठोठावणे असा त्यांनी समज करून घेतला. वस्तुतः जो वेळेवर विचारतो तोच पुढे कोणावर भार होत नाही. मी चुलत्यांना जूनमध्ये विचारले असते, तर त्या रात्री धावत जाण्याची पाळी आली नसती.

पुढच्या शनिवारी मी मुलांना ही सारी हकीकत सांगितली. कोणी हसले नाही. शेजाऱ्यांविषयी विचारणारा तो लहानगा मागच्या रांगेतून पुढे येऊन बसला होता. “तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे,” मी त्याला म्हटले, “मला शेजारी होते. मीच त्यांच्याकडे गेलो नाही.”

त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग सर, या सुट्टीत आम्हांला न्याल का, पाणी कोठे थबकते ते बघायला?”

जूनच्या पहिल्या पावसाला आठ मुले माझ्याबरोबर पारनेरच्या त्या बांधावर उभी राहावयाची आहेत. चुलत्यांना मी कळवले आहे. ह्या खेपेस आधी.