जाण्याआधीची शाळा

फिनलंडच्या शाळा पाहायला जायचं ठरल्यापासून घरी सगळ्यांना माझ्या थंडीच्या कपड्यांची काळजी. ती पनवेलच्या बाजारात एका संध्याकाळी मिटेल. ना-हरकत दाखल्याची फाइल केंद्रप्रमुखांकडून सरकत सरकत अलिबागला जिल्हा परिषदेत पोचेल, तीही मार्गी लागेल. माझी खरी तयारी चालली आहे ती कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवर.

इथली कातकरी मुलं दिवाळीपर्यंत वर्गात असतात. मग आईबाप वीटभट्टीवर निघतात आणि बोचक्यांबरोबर मुलंही जातात. भट्टीजवळच्या शाळेत बसता यावं म्हणून आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. पण तिथं सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. तिनं शाळेत जायचं तर त्याला कुणापाशी ठेवायचं?

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं. तासांच्या मधे पंधरा-पंधरा मिनिटं अंगणात खेळतं, हिवाळ्यातसुद्धा. आणि 1948 पासून तिथं प्रत्येक मुलाला शाळेत फुकट जेवण मिळतं. मला या सालाचं फार मोल वाटतं. महायुद्धानं तो देश तेव्हा पिचून गेला होता. आधी श्रीमंत होऊ, मग मुलांच्या ताटाचं बघू, असं म्हणत ते थांबले नाहीत. आपल्याकडे माध्यान्ह भोजनाची देशव्यापी योजना 1995 साली आली. आमच्या काही मुलांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण म्हणजे शाळेतली खिचडीच. ती शिजवणाऱ्या मावशींबद्दल मी तिथं सांगणार आहे.

हो, सांगणार आहे. नुसतं पाहून यायचं नाही, हे मी महर्षी कर्व्यांकडून घेतलं. कोवळ्या वयात परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायपीट केलेला आणि वयानं लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेलेला हा माणूस 1929 साली युरोपला गेला, तेव्हा त्यानं सत्तरी ओलांडली होती. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत कर्वे बोलले ते भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर, म्हणजे 1916 साली स्वतः उभारलेल्या विद्यापीठावर. पुढं अमेरिका आणि जपानही त्यांनी पाहिला. जग पाहायला निघताना आपलं काम त्यांनी बरोबर नेलं होतं.

माझ्यापाशी विद्यापीठ नाही. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला चालवलेली कुरणशाळा मला सांगता येईल. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, इतका धीट विचार आपल्या मातीत होऊन गेला आहे. हे सगळं इंग्रजीत नीट मांडता यावं म्हणून सध्या रोज रात्री मोठ्यानं बोलून पाहते.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, तेव्हापासून माझ्या प्रवासावर वर्गात चर्चा जोरात आहे. पण सामान बांधण्याआधी मला भट्ट्यांवर जाऊन यायचंय. हजेरीपटावरचं कोणतं नाव कोणत्या भट्टीवर आहे, जवळची शाळा किती लांब आहे, धाकट्या भावंडांना कोण सांभाळतं, हे वहीत लिहून न्यायचंय. तिथल्या शिक्षकांपुढं पहिल्याच दिवशी ती वही उघडायची आणि विचारायचं, तुमच्या वर्गात ही मुलं असती तर तुम्ही काय केलं असतं?