मुक्काम पोस्ट कामठा

गोंदियाहून कामठ्याला निघालेला माणूस महाराष्ट्राच्या काठाकडे जात असतो. दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, हलका धान कापणीला आलेला असतो. आणखी थोडे पुढे गेले की बाघ नदी आणि नदीपलीकडे बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. कामठ्याच्या बाजारात उभे राहिले तर मराठी, हिंदी आणि पोवारी या तिन्ही बोली एकाच भावताव करताना ऐकू येतात. मिरच्या विकणारी बाई तर एका वाक्यात तिन्ही बोलते. मराठीच्या प्राध्यापकाने तिथे व्याकरण खिशात ठेवावे हे उत्तम.

कामठा ही एके काळी भंडारा जिल्ह्यातली मोठी जमीनदारी. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशाने १९५० साली कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तिथली जमीनदारी संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला गाव मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला भंडारा सुटून गोंदिया जिल्हा झाला. आमच्या ताईच्या शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. १९५६ साली ते शाळेत होते. ते म्हणाले, "आमी कुठीसा नाही गेलो जी. राज्यच आलं आन् राज्यच गेलं."

माणूस कुठला रहिवासी, हा प्रश्न अशा गावात सहज निघतो. यंदा तो ताईच्या ओसरीवर निघाला आणि पैशांपाशी येऊन थांबला. आजोबांच्या नातवाला बालाघाटात हिशेबनिसाची नोकरी सांगून आली होती. मुक्काम कामठ्यात, काम पलीकडे. बाजारात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवले, की आता दोन्ही राज्ये तुझ्याकडून आयकर घेणार. पोरगा नोकरी नाकारायच्या बेतात होता.

माझा भाचा न्यू जर्सीहून आला होता. तो म्हणाला, "मामाजी, आमच्याकडे तर हे रोजचंच आहे." तो राहतो न्यू जर्सीत आणि कामाला जातो न्यूयॉर्कला. अमेरिकेत देशाच्या आयकराखेरीज बहुतेक राज्यांचा स्वतंत्र आयकर असतो. न्यूयॉर्क त्याला 'बाहेरचा' समजून तिथल्या कमाईवर कर घेते. न्यू जर्सी त्याला 'आपला' समजून सगळी कमाई विचारते आणि न्यूयॉर्कला भरलेल्या कराची सूट देते. एकूण दोन विवरणपत्रे. वर्षाच्या मध्यात बिऱ्हाड हलवले तर अर्ध्या वर्षाचा रहिवासी इकडे आणि अर्ध्या वर्षाचा तिकडे. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत मात्र पगारावर राज्याचा आयकरच नाही.

आपल्याकडे तसे नाही, आणि पोराला तेच समजावून सांगायचे होते. आयकर केंद्र सरकारचा. बाघ नदी दिवसातून दोनदा ओलांडली तरी तो एकदाच आणि तेवढाच. शेतीच्या उत्पन्नावर तर केंद्राचा आयकर नाहीच. राज्याकडे जातो तो व्यवसाय कर, आणि तो उशी कुठे आहे ते न पाहता खुर्ची कुठे आहे ते पाहतो. पोरगा बालाघाटात काम करील तर तो मध्य प्रदेशाला देईल, महाराष्ट्राला नाही. गोंदियात पूर्ण पगाराची नोकरी असती तर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले गेले असते. घटनेने एका राज्यासाठी या कराची मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे. १९८८ पर्यंत ती २५० होती. सांभाळायचे असेल तर मोटरसायकलचे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही येतो. याची गाडी रोज रात्री कामठ्यातच निजणार, म्हणजे तीही चिंता मिटली. आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि नातवाला एवढेच म्हणाले, "मंग जाय ना बाप्पा!"

भाच्याची अडचण वेगळी होती. भाऊजी गेल्यापासून ताई एकटी. ती न्यू जर्सीला जायला तयार नाही, आणि त्याचा पासपोर्ट अजून भारताचा. बिनपगारी रजा काढून तो आला, पण जास्त राहिलो तर इथला रहिवासी ठरेन आणि तिकडची मिळकतही इथे दाखवावी लागेल, म्हणून त्याने परतीचे तिकीट दोन महिन्यांतच काढले होते. १९६१ च्या कायद्यातली मोजणी २०२५ च्या नव्या कायद्यातही राहिली आहे. परदेशातून भेटीला आलेला भारतीय नागरिक एका आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे राहिला तर रहिवासी. इथली मिळकत १५ लाखांवर असेल तर मर्यादा १२० दिवसांवर येते. ताईची धानाची शेती आणि जुने घर त्या आकड्याच्या आसपासही नाहीत. कायमचा परतला, तर पहिली एकदोन वर्षे कायदा त्याला 'सामान्यतः निवासी नसलेला निवासी' म्हणेल. असे नाव कुठल्याही व्याकरणकाराला सुचले नसते. पण त्या नावाखाली परदेशातली बहुतेक मिळकत कराबाहेर राहते.

आणि वर्ष ३१ मार्चला संपते. मी पाटीवर मांडून दाखवले : १ नोव्हेंबर ते ३१ मार्च १५१ दिवस, एप्रिल आणि मे मिळून ६१, पण ते पुढच्या वर्षाच्या खात्यात. दोन्ही वर्षांत तो १८२ च्या आतच. एकूण २१२ दिवस.

ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. १२०, १८२, विवरणपत्र, यातले तिने काही विचारले नाही. कढईखालचा जाळ कमी करून ती दारात आली आणि भाच्याला म्हणाली, "म्हणजे तू यंदा आंब्यापर्यंत आहेस."

भाच्याने तिकीट पुढे ढकलले.