नमुन्याची सही

बँकेत खाते उघडायला आलेल्या माणसाकडून आम्ही आधी नमुन्याची सही घेतो. पेन हातात नीट बसलेले नसते, मागे रांग खोळंबलेली असते, आणि काउंटरपलीकडून आम्ही टक लावून बघत असतो. अशा अवस्थेत केलेली सही पुढे त्याची त्यालाच ओळखू येत नाही. वीस वर्षांनी तो चेक घेऊन आला की आम्ही म्हणतो, "सही जुळत नाही." तो बिचारा म्हणतो, "अहो, पण मी जुळतो ना!"

गायकाचा पहिला आल्बम निघण्यापूर्वी जो 'डेमो' करतात, तो म्हणजे गळ्याची नमुन्याची सही. माझे हे मत विचारले कुणी? साताऱ्याच्या अक्काने. माझ्या भाच्याने घरीच चार गाण्यांचा डेमो केलाय आणि आल्बमसाठी नोकरी सोडायची म्हणतोय. दाजी गेल्यापासून घर त्याच्या पगारावर चालते. "तू बँकेत आहेस, ऐकून सांग, यात काही आहे का?" असे अक्काने फोनवर विचारले. बँकेतल्या माणसाला लोक आवाजसुद्धा तारण म्हणून दाखवतात!

त्यातून मी सांगलीत. इथे राहून कुणाच्या गाण्याला नाही म्हणायची भीतीच वाटते. लता मंगेशकरांचे बालपण या गावात गेले. आशाबाईंचा तर जन्मच इथला, १९३३ चा. लताबाईंचे पहिले गाणे ध्वनिमुद्रित झाले १९४२ साली, 'किती हसाल' या चित्रपटासाठी. वयाला तेरा वर्षेही पुरी नव्हती. ते गाणे चित्रपटातून वगळले गेले! पुढे संगीतकार गुलाम हैदर यांनी हा आवाज निर्माते शशधर मुखर्जींना ऐकवला, तर तो 'फार बारीक' म्हणून नापास. हैदरसाहेबांनी मग १९४८ च्या 'मजबूर'मध्ये स्वतःच गाणे दिले. १९४९ साली 'महल' गाजला, तर तबकडीवर गायिकेचे नाव काय, तर 'कामिनी'. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे! सही जुळेना, नावही जुळेना. आमच्याकडे हा चेक तीनदा परत गेला असता.

आणि मुखर्जींचे बघा. एवढे मोठे निर्माते, पण लोकांना आठवतात ते त्या एका नकारामुळे. अक्काचा फोन घेताना मला ते सारखे डोळ्यांसमोर दिसत होते.

गाणी दोनदा ऐकली. पहिल्या तिन्हींत भाचा दुसऱ्याच कुणासारखा गातो. चौथ्यात मात्र मधेच मागे कुकरची शिट्टी होते, तो दचकतो, नक्कल करायची विसरतो, आणि पुढचे अर्धे कडवे चक्क स्वतःच्या आवाजात गातो. मी ताठ बसलो.

अक्काला फोन लावला. म्हटले, "अर्ध्या कडव्यावर नोकरी सोडू देऊ नकोस. पगार येऊ दे, आणि गाणेही चालू राहू दे. पण ते चौथे गाणे त्याला पुसू देऊ नकोस. शिट्टीसकट ठेव."

अक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कळलं होतं मला. दाराशी ऐकत उभी होते ना, त्या दिवशी डाळ करपली."