सात्ता घाटावरून

शिझुओका,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप नानासाहेब,

आपण विचारलेला प्रश्न मोजणीखात्यात उभी हयात घालविलेल्या गृहस्थाला शोभण्यासारखाच आहे. जपानी चित्रकार हिरोशिगेने काढलेला सात्ता घाटाचा देखावा आणि त्या जागेची आजची स्थिती यांचा ताळा पडतो की नाही, हे समक्ष जाऊन पाहावे आणि ‘फार सुंदर आहे’ एवढ्यावर भागवू नये, अशी आपली आज्ञा झाली. त्याप्रमाणे युइ गावातून चढ चढून सात्ता घाटावर गेलो. थंडीत इकडचे आकाश निवळलेले असते, त्यामुळे फुजी पर्वत स्वच्छ दिसला. आता जबाब सविस्तर लिहितो.

प्रथम मूळ दस्तऐवजाविषयी. उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) हा एदो नगरातील, म्हणजे आजच्या तोक्योतील, अग्निशमन-पथकावर नेमलेल्या एका सामान्य सामुराईचा मुलगा. एदोपासून क्योतोपर्यंत सुमारे ४९० किलोमीटर जाणाऱ्या तोकाइदो मार्गावरील त्रेपन्न मुक्काम आणि दोन्ही टोके, अशा पंचावन्न चित्रांची त्याची माला होएइदो या प्रकाशकाने १८३३–३४ च्या सुमारास बाजारात आणली. युइ हा त्यांतील सोळावा मुक्काम, आणि त्याच्या चित्रात हाच घाट काढलेला आहे. डाव्या अंगाला छातीत धडकी भरविणारा उभा कडा, त्याच्या माथ्यावर कागदाच्या काठाशी बिलगलेले चिमुकले प्रवासी, कलंडलेली पाइनची झाडे, खाली सुरुगा उपसागराचे निळे पाणी व त्यावर पांढरी शिडे, आणि या सर्वांच्या पलीकडे हिमाच्छादित फुजी, असा तो सारा मामला आहे.

आजही त्या ठिकाणी उभे राहिले असता कडा डाव्या हातालाच असतो, उपसागर उजव्या हाताला, आणि समोर ३,७७६ मीटर उंचीचा तो पर्वत आपली जागा तिळभरही न सोडता बसलेला दिसतो. कडा चित्रातल्याइतका उभा नाही, एवढी तफावत चित्रकाराच्या खाती जमा करावी लागेल. पण मग नजर खाली जाते, आणि जेथे हिरोशिगेने केवळ पाणी व खडक दाखविले, तेथे आगगाडीचे रूळ, पहिल्या क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग आणि तोमेइ द्रुतगती महामार्ग, असे तीन मार्ग एकमेकांना खेटून डोंगर व समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शिरताना दिसतात, आणि मालमोटारींची घरघर वर घाटापर्यंत ऐकू येते. येथवर आल्यावर बहुतेक प्रेक्षक एक सुस्कारा टाकून, मनुष्याने निसर्गाचा सत्यानाश केला असा निकाल देतात आणि छायाचित्र काढून परततात. मलाही हा निकाल सोयीचा वाटला असता. परंतु तो दप्तराशी जुळत नाही.

कारण असे की, ज्या पट्टीवर आज हे मार्ग पसरले आहेत, ती पट्टी हिरोशिगेच्या चित्राच्या वेळी वाहतुकीच्या उपयोगाची नव्हतीच. कड्याच्या तळाशी लाटा आपटत, आणि ओहोटी साधून खडकाखडकांवरून पळत जाणाऱ्या वाटसरूंच्या जिवाची शाश्वती नसे. म्हणूनच १६५५ साली, कोरियाच्या राजदूतांची स्वारी येणार या निमित्ताने, डोंगराच्या अंगावरून वरचा रस्ता काढण्यात आला. पुढे १८५४ च्या डिसेंबरात आन्सेइ पर्वातील प्रचंड भूकंपाने हा किनारा उचलला, समुद्र मागे हटला, आणि हिरोशिगे हयात असतानाच त्याच्या चित्राचा तळ निसर्गाने स्वतःच्या हाताने बदलून टाकला. १८८९ साली तोकाइदो लोहमार्ग पुरा झाला आणि १९६९ साली तोमेइ महामार्ग, तोही येथे समुद्रात भर घालून. परंतु अतिक्रमणाचा पंचनामा करावयाचा झाला, तर पहिले नाव भूकंपाचे लिहावे लागेल.

दुसरी गोष्ट साक्षीदाराच्या विश्वासार्हतेची. याच मालेत युइच्या शेजारचा, पंधरावा मुक्काम कानबारा. त्याचे रात्रीच्या बर्फाचे चित्र सर्व मालेत अत्यंत नावाजलेले. आणि कानबाराला, समुद्रकाठच्या उबदार हवेमुळे, बर्फ क्वचितच पडते! हिरोशिगेने काही देखाव्यांसाठी १७९७ साली निघालेल्या सचित्र प्रवासवर्णनाचाही आधार घेतला होता. शिवाय ही माला लाकडी ठशांनी छापलेली, आणि ठशाचे चित्र हे एकट्या चित्रकाराचे काम नसते: रेखाटन त्याचे, लाकूड कोरणारा निराळा, छापणारा निराळा, आणि भांडवल प्रकाशकाचे. युरोपात जन्मलेला व समुद्रमार्गे आलेला प्रशियन निळा रंग त्या सुमारास स्वस्त झाला, म्हणून हे समुद्र असे निळे झाले. आणि आकाशातील वा पाण्यातील त्या निळ्याची चढउतार प्रत्येक प्रतीच्या वेळी छापणारा हाताने ठशावर रंग पुसून साधीत असल्यामुळे कोणत्याही दोन प्रती तंतोतंत एक नसतात. तेव्हा आपण हद्दी जुळवावयाच्या म्हटले, तरी कोणत्या प्रतीशी जुळवावयाच्या?

मग चित्रातील खरे ते काय? माझ्या अल्पमतीने, अडचण खरी. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये राजधानीचा हमरस्ता कसाबसा मावतो, ही त्या भूमीची अट हिरोशिगेने ओळखली आणि कागदाच्या एका कोपऱ्यात माणसे दाबून ती मांडली. हा मार्ग काही तपोवनातील पायवाट नव्हता. १६०१ साली तेव्हाचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याने येथे टपाली घोड्यांचे मुक्काम नेमले. एदोच्या दरबारी हजेरी देण्यासाठी सरदारांच्या स्वाऱ्या लवाजम्यासह येथून जात. हाकोने व आराई येथील चौक्यांवर दस्तकाशिवाय सुटका नसे. राज्याची रहदारी तेव्हाही याच नळीतून जात होती आणि आजही जाते. वादळात लाटा उसळल्या की महामार्ग बंद ठेवावा लागतो. १९७४ च्या जुलैतील अतिवृष्टीत येथे दरडी कोसळून रेल्वे व रस्ता दोन्ही अडले. आणि तेव्हापासूनच नव्हे, त्याही आधीपासून, हा डोंगर थोपवून धरण्याचे काम सरकारला करावे लागत आले आहे. साडेतीन शतकांपूर्वी ज्या भीतीने वरचा रस्ता खोदविला, तीच भीती आज सिमेंटच्या बांधांत उभी आहे.

बदल झाला तो पाहणाऱ्याच्या स्थितीत, आणि तो मला आगगाडीच्या रुळांपेक्षा मोठा वाटतो. चित्रातील माणूस चालता चालता पाहतो. ओझे खांद्यावर, पायाखाली निसरडा कडा, आणि त्याच अवस्थेत फुजी अकस्मात समोर उभा राहतो. देखावा त्याला वाटेच्या कष्टांतूनच लाभतो. आज वाट आणि देखावा यांची वाटणी झाली आहे. १९६४ पासून धावणारी शिंकान्सेन ही अतिवेगवान आगगाडी या डोंगराला बोगद्यातून ओलांडते, तिच्या प्रवाशाला येथला समुद्र दिसतच नाही. खालचा वाहनचालक वेगात निघून जातो. आणि वर येतो तो केवळ पाहण्यासाठी येतो, त्याला पुढे कोठेच जावयाचे नसते. या घाटावर कामासाठी येणारा मला एकच वर्ग दिसला: उतारावरच्या संत्र्यांच्या व लोकाटच्या बागा राखणारे शेतकरी. फळांचे क्रेट खाली नेण्यासाठी त्यांनी एकरुळी गाड्या बसविल्या आहेत, आणि ते मान वर करून फुजीकडे पाहण्यात वेळ दवडीत नाहीत.

तेव्हा माझा जबाब असा. स्थळ जुळते, भूमी जुळत नाही, अडचण पूर्णपणे जुळते. चित्रावरून ‘पूर्वी किती रम्य होते’ असा दाखला कोणी काढू पाहील, तर तो नामंजूर करावा. त्या चित्रात रम्यतेइतकीच धास्तीही काढलेली आहे, आणि ती धास्ती वजा करून उरलेल्या सौंदर्याचा शोक करणे म्हणजे अर्धेच चित्र पाहणे होय. आपण इकडे आलात, तर माझा आग्रह राहील की वाहनाने न जाता युइपासून घाटापलीकडच्या ओकित्सुपर्यंत आपण पायीच जावे. गुडघ्यांची तक्रार मला ठाऊक आहे. पण त्या तक्रारीशिवाय हा पुरावा तपासता यावयाचा नाही.

वडीलमंडळींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञांकित,
वसंत